४५ दिवसांचा गुलाब

आमच्या ऑफिसात कुणाचा बर्थडे असो, फेअरवेल असो, नाहीतर परदेशी क्लायंटची व्हिजिट... बुके एकच! चकचकीत कागदात गुंडाळलेले सहा लाल गुलाब, मधे पांढऱ्या जिप्सोफिलाची रांगोळी आणि वर रिबन. दुसऱ्या दिवशी तो डस्टबिनमध्ये. त्यामुळे ३० नोव्हेंबर २०२४ ला आई रिटायर होणार म्हटल्यावर मी एक गोष्ट पक्की केली. असला बुके द्यायचा नाही. तिला तिच्याच अंगणातली फुलं द्यायची. वय ५८, गुलाब ५८. सॉलिड आयडिया ना?

आई झेडपीची शिक्षिका. घर बारामतीत, शाळा इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या पुढे एका वस्तीवर. आधी एसटी, मग स्कूटी. झेडपीच्या निम्म्या मास्तरांचा वाढदिवस एक जूनला असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकलेली तारीख! आईचा मात्र खराखुरा, नोव्हेंबरातला. म्हणून तिची रिटायरमेंट ऐन गुलाबाच्या मोसमात आली.

प्रॉब्लेम एकच होता. अंगणात गुलाबाची नऊ झाडं होती, पण फुलं नव्हती. झाडं सहा-सहा फूट उंच, खाली नुसत्या काटक्या आणि पार शेंड्याला सुपारीएवढं एखादं फूल. कारण आईचा नियम : फूल झाडावरच शोभतं, तोडायचं नाही. अण्णा म्हणायचे, ‘ही बाग आहे की बाभळीचं कुंपण?’

मी नर्सरीवाल्या मामांना फोन लावला. मामा हसले. म्हणाले, ‘अरे, गुलाब नव्या फुटीवर फुलतो. जुनं लाकूड काढलं नाही तर नवी फूट येणार कुठून? पाऊस संपला की कात्री लाव आणि ४५ ते ५० दिवस मोज.’

आता हा हिशोब आपल्या प्रोजेक्ट प्लॅनिंगसारखाच. डिलिव्हरीची तारीख धरायची आणि उलटं मोजायचं. तळेगाव-मावळातले पॉलिहाऊसवाले हेच करतात. १४ फेब्रुवारीला तुम्ही जो गुलाब देता, त्यासाठी झाडाला कात्री डिसेंबरातच लागलेली असते. मी ३० नोव्हेंबरपासून मागे मोजलं. ४८ दिवस. तारीख आली १३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. आई मावशीकडे गेलेली. सरप्राइज म्हणजे सरप्राइज!

फंडा सोपा आहे, लिहून घ्या. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या. उरलेल्या चार-पाच दणकट फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या. कापताना फांदीवरचा बाहेरच्या बाजूचा डोळा बघायचा आणि त्याच्या जरासं वर तिरका काप द्यायचा. डोळा बाहेरचा असला की फूट बाहेर जाते, झाड मधे मोकळं राहतं. कापांना बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे फांदी वरून वाळत येत नाही. दोन तासांत सहा फुटांचं कुंपण दीड फुटावर आलं. मी खूश!

संध्याकाळी आई आली. फाटकातच थांबली.

‘हे कुणी केलं?’

मी सगळा प्लॅन सांगून टाकला. ती काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, ‘मला रिटायर करायची तुला माझ्यापेक्षा जास्त घाई दिसते.’ मग तिनं सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की ही झाडं विकत आणलेली नाहीत. नऊ झाडं म्हणजे नऊ बॅचेस. शाळा सोडून जाताना त्या त्या वर्षीच्या पोरांनी वर्गणी काढून दिलेली. न कापण्याचं कारण ते होतं!

पोटात गोळाच आला. कारण एव्हाना मला आणखी एक गोष्ट दिसली होती. कोपऱ्यातलं झाड गुलाबाचं नव्हतंच. म्हणजे होतं, पण रानगुलाब. गुलाबाचं कलम कसं असतं? खाली रानटी जातीचा काटक खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला. वरचा डोळा मेला की खालचा खुंट जोमानं फुटतो. गाठीच्या खालून येणारी फूट वेळीच मुळापासून काढायची असते. इथे कुणी ती काढली नव्हती. ग्लॅडिएटर कधीच गेला होता, उरला होता खुंट. मी आईला म्हटलं, ‘हे उपटून टाकू. याला फूल येणारच नाही.’

‘ते २०११ च्या बॅचचं आहे,’ आई म्हणाली. ‘फूल येत नाही म्हणून पटावरून नाव कमी करायचं का?’

विषय संपला.

दहाव्या दिवशी डोळे फुगले. दिवाळीपर्यंत लालबुंद कोवळी पालवी आली. मी दर वीकेंडला पुण्याहून बारामतीला चकरा मारत होतो. आणि २५ व्या दिवशी अण्णांचा फोटो आला : नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

मी घाबरून आणखी पाणी घालायला सांगितलं. तिथेच चुकलो. अण्णा मातीचा नमुना घेऊन शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले, तेव्हा उलगडा झाला. आमची काळी माती चुनखडीची. तिच्यात लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी आणि वर माझा रोजचा पाण्याचा हुकूम. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात. नीरेच्या डाव्या कालव्याखालच्या किती जमिनी जास्तीच्या पाण्यानं चोपण झाल्या, हे ज्याच्या गावचं तो मुलगा विसरला होता! उपाय तीन : पाणी कमी, हिराकस थेट मातीत न टाकता शेणखतात आठवडाभर मुरवून आणि तातडीचा इलाज म्हणून चिलेटेड लोहाची पानांवर फवारणी. पुढची पानं हिरवी आली.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. रिटायरमेंटला दहा दिवस उरलेले आणि आईला इलेक्शन ड्युटी! ती पेट्या सांभाळत होती आणि इकडे कळ्यांवर मावा चढला. अण्णांनी सकाळ-संध्याकाळ नळीच्या धारेनं तो धुऊन काढला. फवारणीची गरजच पडली नाही.

३० तारखेला पहाटे मी बॅटरी घेऊन मोजलं. अट्ठावन्न विसरा. थंडीनं कळ्या रेंगाळल्या होत्या. तयार फुलं होती फक्त १७. मी कात्री घेऊन नुसता उभा. मागून आई आली.

‘दे इकडे. तू फार वर कापतोस.’

आणि आईनं पहिल्यांदा फुलं कापली. बाहेरच्या पाकळ्या जेमतेम सुटलेली फुलं, पाच पानांच्या डहाळीच्या वर, बाहेरच्या डोळ्यावर. मी काहीही शिकवलं नव्हतं. फुलं लगेच बादलीत, गळ्यापर्यंत पाण्यात. गाडीत ती बादली माझ्या मांडीवर होती. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत आम्ही भवानीनगर ओलांडलं. आणि गाडीभर वास! पॉलिहाऊसच्या गुलाबाला तो सहसा नसतो, कारण त्याची निवड लांबचा प्रवास आणि फुलदाणीतले दिवस बघून केलेली असते.

पटावर मुलं २१, फुलं १७. आईनं सगळी वाटून टाकली. ज्या चौघांना मिळालं नाही, त्यांना म्हणाली, ‘तुमचं पुढच्या बहराला. घरी येऊन घेऊन जा.’ मला वाटलं, बोलायला काय जातंय. जानेवारीत चौघंही दारात हजर!

त्याच महिन्यात मामा आले. २०११ च्या झाडाची जाडशी फांदी निवडून तिच्यावर ‘टी’सारखी चीर दिली, शेजारच्या ग्लॅडिएटरचा एक डोळा आत बसवला आणि पट्टीनं बांधला. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा होता. मेमध्ये पहिलं फूल आलं. आईनं फोटो पाठवला, खाली एकच ओळ : ‘२०११ ची बॅच पास. उशिरा, पण पास.’

जाता जाता : फ्लॅटवाल्यांनो, नाराज होऊ नका. १२ इंची कुंडी, खाली पाणी निघायला भोक आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन, एवढ्यावर एक गुलाब मस्त जगतो. सोबत ऑगस्ट-सप्टेंबरात अॅस्टरची रोपं लावा. ‘फुले गणेश’ मालिकेतले वाण आपल्या गणेशखिंडीतच तयार झालेत, आणि नावातलं ‘फुले’ म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठ बरं का! फक्त कात्रीला घाबरू नका. आणि कापण्याआधी घरच्यांना विचारा.