हलीमा हवी, पालातली बाई नको!

मिलादच्या जलशात हलीमा सादियांचे नाव निघाले की आपले डोळे पाणावतात. बनू साद हे हवाजिन कबिल्यातले बद्दू, म्हणजे वाळवंटात तंबू ठोकून राहणारे लोक. मक्केतली प्रतिष्ठित घराणी आपली दूधपिती मुले त्यांच्याकडे पाठवीत. तिथली हवा निरोगी आणि अरबी निर्भेळ, असा लौकिक होता. प्यारे नबी (स.) यांचे बालपण अशाच तंबूत गेले.

भटक्यांच्या टोळीतल्या एकजुटीतूनच सत्ता उभी राहते आणि शहरी ऐषारामात ती खचते, असे इब्ने खल्दूनने 1377 मध्ये लिहून ठेवले. अरबस्तानातल्या भटक्यांचा आम्हाला असा अभिमान! आणि कळमेश्वरच्या वेशीबाहेर पालं पडली की? "पोरांनो, तिकडे फिरकू नका!"

पण मदारी, दरवेशी, छप्परबंद हेही कलमा पढणारेच ना? इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. छप्परबंदही त्यात भरडले गेले. 1952 मध्ये तो कायदा गेला, त्यांना 'विमुक्त' म्हटले गेले. आपल्या नजरेतला शिक्का मात्र तसाच राहिला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर दरवेशाचे अस्वल आणि मदाऱ्याचा साप सुटला. मुक्या जिवांसाठी ते योग्यच झाले. पण त्या माणसांच्या भाकरीचे काय? जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात. ज्यांचे घर गाढवाच्या पाठीवर, त्यांनी तो कुठून आणावा?

सरकारला दोष देणे सोपे आहे. माझेच सांगते. एकदा पालातली एक बाई मुलीचा हात धरून शाळेच्या दारात आली. "जन्माचा दाखला आणा," एवढे ऐकून परत गेली. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मला ते ठाऊक होते. मी गप्प बसले. त्याच आठवड्यात वर्गात सीरत शिकवताना हलीमा दाईंचा सबक मी रंगवून सांगितला!

मित्रहो, हलीमांनी आपल्या तंबूत एका यतीम बाळाला जागा दिली. तंबूतल्या लेकरासाठी आपल्या शाळेत एक पाटी नाही? येत्या जूनमध्ये पालं पडतील, तेव्हा आपण तिकडे जाऊ. दाखल्याची वाट न पाहता मुलांची नावे पटावर घेऊ. ते जमत नसेल, तर जलशात डोळे पुसण्याचा हक्क आपल्याला नाही.