उत्तराच्या पुढचा प्रश्न

इंग्लंडमधल्या पबांत रंगणारी क्विझ लीग असो की आपल्याकडची शालेय प्रश्नमंजूषा, ‘ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?’ हा प्रश्न कुठेही शोभतो. ‘सिडनी’ म्हणणारा फसतो, ‘कॅनबेरा’ म्हणणारा गुण मिळवतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो. खरी गोष्ट तिथेच निसटते. सिडनी आणि मेलबर्न यांच्या चुरशीवर १९०१च्या राज्यघटनेने तोड काढली : राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर; तोवर संसद मेलबर्नला. ती कॅनबेराला गेली १९२७ साली. बँकेतल्या नोकरीने एक शिकवले, बेरीज जुळली म्हणजे व्यवहार कळला असे नव्हे. मुलांकडून उत्तरे जरूर पाठ करून घ्या. पण जेवताना एकदा ‘का?’ हेही विचारा.