महागलेला संगणक आणि खोलीचे कुलूप



कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी अशी चारच स्थानके लागतात. अर्ध्या तासाच्या आतला प्रवास. पण तेवढ्या वेळात डब्यात जगातले सगळे प्रश्न सुटतात! एरवी तेथे कांद्याच्या नाही तर पावसाच्या गोष्टी चालतात. 2025 च्या दिवाळीनंतर मात्र एक नवीनच विषय ऐकू येऊ लागला. तो म्हणजे संगणकाची किंमत.

एक गृहस्थ म्हणत, "अहो, आजच घेऊन टाका. उद्या आणखी वाढणार." दुसरे म्हणत, "छे! थांबा वर्षभर. संगणक नेहमी स्वस्तच होत जातो." तिसऱ्यांच्या मते सगळा दोष दुकानदाराचा. एके दिवशी एक शिक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आम्ही तर शाळेची संगणकाची खोलीच बंद ठेवतो आता. मोडला तर नवा कुठून आणायचा?"

पहिल्या तिघांच्या म्हणण्यावर मला हसू आले. चौथे वाक्य मात्र मनात घर करून राहिले. ह्या चारही प्रतिक्रियांचा आज आपण विचार करणार आहोत. पण आधी किंमत का वाढली ते पाहू. कारण समजल्याशिवाय उपाय करणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहताच औषध देण्यासारखे आहे.

संगणकात काम चालू असताना लागणारी माहिती जेथे तात्पुरती साठवली जाते त्या भागाला आपण रॅम म्हणतो. तिच्यातील प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र असते. धारित्रात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. आठ गिगाबाइटच्या रॅममध्ये अशी 6,800 कोटींहून अधिक धारित्रे असतात! प्रत्येकात जेमतेम काही दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात आणि तेही गळून जातात. म्हणून दर सेकंदाला पंधराहून अधिक वेळा प्रत्येक धारित्र वाचून पुन्हा भरावे लागते. गळक्या माठात सारखे पाणी ओतत राहावे तसेच हे.

ही धारित्रे सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवली जातात. धारित्र जितके लहान, तितके एका चकतीवर जास्त मावते आणि रॅम स्वस्त होते. गॉर्डन मूर यांनी 1965 साली असे निरीक्षण मांडले की, एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. 1975 साली त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. ह्यालाच लोक 'मूरचा नियम' म्हणू लागले. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. न्यूटनचा नियम हा निसर्गाचा नियम आहे. मूरचा नियम हे एका उद्योगाच्या वाटचालीचे वर्णन आहे. दगड सोडला की तो खाली पडणारच. संगणकाची किंमत मात्र खाली येईलच असे निसर्गाने कोणालाही वचन दिलेले नाही. धारित्र लहान करता करता त्यातील भार इतका कमी होतो की तो ओळखणेच कठीण होऊन बसते. म्हणून रॅम पूर्वीच्या वेगाने स्वस्त होत नाही. 'थांबा, स्वस्त होईल' म्हणणाऱ्या गृहस्थांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांनी अनुभवालाच नियम मानले, एवढीच त्यांची चूक.

हे झाले जुने कारण. नवे कारण असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड गणकयंत्रे चालवणाऱ्या माहिती केंद्रांना आज स्मृती अफाट प्रमाणात लागते. त्यांच्यासाठी चिपांचे थर एकावर एक रचून खास वेगवान स्मृती बनवतात. तेवढ्याच बिटांसाठी तिला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट चकत्या खर्ची पडतात. जगातील बहुतांश रॅम बनवतात तीनच कंपन्या: दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. चकत्या तेवढ्याच आणि मोठे गिऱ्हाईक जास्त दाम मोजणारे, मग लहान गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय येणार? 3 डिसेंबर 2025 रोजी मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या 1 तारखेला रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकाच्या किमती वाढल्या. 16 गिगाबाइटचा नमुना 120 डॉलरचा 145 डॉलर झाला. मुलांना कमी खर्चात संगणकशास्त्र शिकता यावे म्हणून जन्मलेला हा संगणक, तोदेखील सुटला नाही. त्यात भर म्हणून त्याच आठवड्यात एका डॉलरला प्रथमच 90 रुपयांहून अधिक मोजावे लागले. चिपा परदेशातून येतात, त्यांचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात, आणि एकूण किमतीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर बसतो. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉनने 2023 साली जाहीर केलेला प्रकल्पही जुळणी व चाचणीचा आहे. चकत्या तेथे घडत नाहीत. तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेतील दुकानदारावर डोळे वटारून काय उपयोग? तो बिचारा ह्या साखळीची शेवटची कडी.

आता 'आजच घेऊन टाका' म्हणणाऱ्यांकडे वळू. 4 जुलै 1993 रोजी जपानमधील नीहामा येथे सुमितोमो केमिकल कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या एका विशिष्ट राळेपैकी जगातील निम्म्याहून अधिक राळ तेथे बनत असे. रसायनी-खोपोलीच्या कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या तुम्हा मुलांना एका रसायनावाचून किती कामे अडतात हे सांगायला नको. बातमी पसरताच व्यापाऱ्यांनी रॅमचा साठा करायला सुरुवात केली आणि भाव भराभर चढले. वास्तविक राळेचा साठा शिल्लक होता, आणि कारखानाही काही महिन्यांत सुरू झाला. टंचाईपेक्षा टंचाईची भीतीच अधिक महाग पडली!

याउलट 2011 साली थायलंडमध्ये महापूर आला आणि हार्ड डिस्क बनवणारे कारखाने खरोखरच पाण्याखाली गेले. तेथे टंचाई खरी होती, आणि भाव उतरायला पुष्कळ काळ लागला. म्हणजे 'घाई करा' हेही नेहमी खरे नाही आणि 'थांबा' हेही नाही. आजची टंचाई ही दुसऱ्या जातीची आहे. नवा कारखाना उभा राहून त्यातून चकत्या बाहेर पडायला दोन-तीन वर्षे तरी लागतात. त्यामुळे महिनाभर थांबून फारसे काही हाती लागणार नाही. पण म्हणून नको असलेली वस्तू आज घेण्यातही शहाणपण नाही. मग करायचे काय? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जे नेहमी करायचे तेच. मोजमाप!

येथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे. माझी मुलगी अकरावीत गेली. लोकलमधल्या गप्पा ऐकून मीही घाबरलो आणि 16 गिगाबाइट रॅमचा संगणक घाईने घेतला. वर्गात मुलांना 'आधी मोजा, मग बोला' असे सांगणारा मी, स्वतः मात्र न मोजता पैसे देऊन मोकळा झालो! पुढे आठवडाभर मुलगी प्रत्यक्ष किती रॅम वापरते ते पाहिले. बहुतेक वेळा आकडा सहाच्या आसपास राही. आठ गिगाबाइटमध्ये तिचे काम सुखाने झाले असते.

हे मोजमाप तुम्हालाही करता येईल. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबा. उघडणाऱ्या तक्त्यात स्मृतीचा किती भाग वापरात आहे तो आकडा दिसतो. आठवडाभर, निरनिराळी कामे चालू असताना, तो वहीत टिपून ठेवा. सर्वांत मोठा आकडा म्हणजे तुमची गरज. त्यावर थोडी सवड ठेवा, की झाले. जुना संगणक मंद चालत असेल तर खोट बहुधा फिरत्या हार्ड डिस्कची असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की बराच फरक पडतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे साहाय्य थांबले, म्हणून पुष्कळांनी धडधाकट संगणक निकालात काढले. त्यांतल्या कित्येकांवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली चालू शकते.

आता त्या शिक्षकांच्या वाक्याकडे येतो. ह्या लेखाचे खरे कारण तेच आहे.

मी त्यांच्या शाळेत गेलो. खोलीला कुलूप होते. आत दहा संगणक, त्यांवर स्वच्छ धुतलेली कापडी आवरणे. देवघरात ठेवावेत तसे ते जपलेले होते. शाळेत आसपासच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची मुले येतात. त्यांच्या घरी संगणक नाही. म्हणजे पटावरच्या कित्येक मुलांच्या आयुष्यातला एकमेव संगणक त्या कुलपाआड होता.

त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. मोडलेल्या वस्तूचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण मी फळ्यावर एक हिशेब मांडला, तो तुम्हीही करून पाहा. समजा, एक संगणक 35,000 रुपयांना घेतला आणि तो पाच वर्षे टिकला. आठवड्यातून एक तास, वर्षातून 35 आठवडे वापरला तर एकूण तास झाले 175. म्हणजे तासाला खर्च 200 रुपये. तोच संगणक रोज पाच तास, वर्षातून 200 दिवस वापरला तर तास होतात 5,000, आणि खर्च तासाला 7 रुपये. आता किंमत 20 टक्क्यांनी वाढून 42,000 झाली असे धरा. भरपूर वापरणाऱ्याचा खर्च 7 रुपयांवरून 8 रुपये 40 पैसे होईल. तेव्हा सांगा, संगणक अधिक महाग कोणी केला? कोरियातील कारखान्याने की आपल्या कुलपाने?

"पण वापराने तो लवकर बिघडणार नाही का?" अशी शंका तुमच्या मनात येईल. आपल्या भागापुरते तरी उत्तर उलटे आहे. माथेरानच्या पायथ्याच्या ह्या पट्ट्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बंद खोलीतील दमट हवेने धातूच्या जोडांवर थर चढतो, ते गंजतात. चालू संगणक मात्र आसपासच्या हवेपेक्षा काही अंश गरम असतो. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि आतला भाग कोरडा राहतो. म्हणजे पावसाळ्यात रोज तासभर चालवणे हीच संगणकाची निगा! तरीही तो सुरू झाला नाही, तर तार भिंतीतून काढून, हात आधी पेटीच्या धातूला लावून, शिक्षकांच्या देखरेखीखाली रॅमची पट्टी बाहेर काढा आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. एवढ्यानेही पुष्कळ 'मेलेले' संगणक उठून बसतात. त्या शाळेत बंद पडलेल्या तिघांपैकी दोन असेच जिवंत झाले. आठवीतल्या एका मुलीने ते आपल्या हाताने केले. पडद्यावर उजेड येताच ती जी हसली, त्या हसण्याचा हिशेब मात्र मला फळ्यावर मांडता आला नाही.

मित्रहो, खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले. सह्याद्रीच्या पाण्यापासून निघालेली ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. केंद्राच्या आसपासच्या कित्येक वाड्यांवर दिवा लागायला मात्र त्यानंतर अनेक दशके जावी लागली. आज घाटाखालीच, शेजारच्या पनवेल तालुक्यात, 2020 पासून एक प्रचंड माहिती केंद्र उभे आहे. जगातील स्मृती अशा केंद्रांकडे ओढली जात आहे. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. गिरण्यांनाही वीज हवीच होती. पण मोठ्यांची गरज भागत असताना लहानांच्या वाट्याला पुन्हा एकदा अंधार यावा काय? रॅमचा जागतिक भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. शाळेच्या खोलीची किल्ली मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, मोडतोडीचा जाब एकट्या शिक्षकावर न टाकता दुरुस्तीसाठी थोडी रक्कम दरवर्षी बाजूला ठेवावी आणि शाळा सुटल्यावर तासभर तरी ही खोली उघडी ठेवावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक वही घाला. आपल्या शाळेत संगणक किती, चालू किती, आणि आठवड्यात प्रत्येक संगणक किती तास चालला हे महिनाभर टिपून ठेवा. वर दिलेला हिशेब करा आणि तो कागद नम्रपणे मुख्याध्यापकांच्या हाती द्या. रागावू नका, वाद घालू नका. आकड्यांना बोलू द्या.