एका ताईच्या पदरात सगळा पाडा



आवणीच्या दिवसात पाड्यावर मोठं माणूस उरत नाही. बाया पहाटेच चिखलात उतरतात. तान्हं पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि ती मोठी बहीण पाच वर्षांची. ती अंगणवाडीत गेली की कडेवरचं पोरही जातं. मग एकाच खोलीत रांगणारं, चालणारं, पळणारं सगळं एकत्र. रांगणारं चुलीकडे जातं, पळणारं ओढ्याकडे. ताईने बघायचं कुणाकडे?

गेल्या आवणीत आमच्या एका पाड्यावर हेच झालं. मिनी अंगणवाडी, म्हणून मदतनीस नाही. ताईच खिचडी शिजवत होती. दोघांची मारामारी सोडवायला ती उठली, तेवढ्यात दीड वर्षाच्या पोराने गरम टोपाला हात लावला. हात चांगलाच भाजला. वरून जाब विचारला तो ताईलाच. पाड्यावरची माणसंही तिलाच बोलली. आम्हीही बोललो. ते आमचं चुकलं, हे इथे लिहून ठेवतो.

रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्राच्या कायद्यात काय लिहिलं होतं ते वाचा. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे पाच पोरं झाली की एक माणूस लागतं, हे सरकारने कबूल केलं होतं. मग अंगणवाडीत वीस-तीस पोरांत एकटी ताई कशी पुरेल? त्यात स्वयंपाक, वजनं, रजिस्टर, मीटिंग तिच्याच गळ्यात. आणि हातात पगार नाही, नुसतं मानधन.

जिथे अंगणवाडीच नाही, तिथेही रस्ता आहे. सुप्रीम कोर्टाने 13 डिसेंबर 2006 ला सांगितलंय, वस्तीत सहा वर्षांखालची 40 पोरं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. "जागा फॉरेस्टची आहे" असं कुणी म्हटलं तर वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. ग्रामसभेची शिफारस असेल तर अंगणवाडीसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते.

म्हणून येत्या ग्रामसभेत पलाटाच्या दाव्यांबरोबर हे ठरावही घ्या:

1. प्रत्येक मिनी अंगणवाडीला मदतनीस द्या.
2. आवणी-कापणीत तान्ह्या पोरांसाठी वेगळी बाई, मजुरीसह.
3. चूल पोरांच्या खोलीबाहेर, आणि अंगणाला कूड.
4. रोजगार हमीच्या कामावर पाळण्याची बाई पहिल्या दिवसापासून.

कूड घालायला सरकारची वाट बघू नका. ते काम एका सकाळचं आहे, आपणच करू. बाकीच्यासाठी ठराव द्या आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

जमीन आपण पोरांसाठीच मागतोय. सातबारा हातात येईपर्यंत पोरं धड राहिली पाहिजेत.

जिंदाबाद!