हवापालट

फराळाचे ताट पुढे आले, की आमचे कोणी ना कोणी स्नेही निर्धाराने सांगतात, "पुरे झाली मुंबई! आता कोकणात जाऊन राहायचे." हवा कशी, समुद्र कसा, हे ऐकून घ्यावे. कामाचे विचारले, की "मिळेल काहीतरी!"

अहो, आपण कोकण पाहिलेत ते डिसेंबरात, पाहुणे म्हणून. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सच्छिद्र जांभा ते पाणी धरून ठेवीत नाही. वैशाखात कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात.

आणि काम? ते असते, तर कोकणच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत कशाला राबल्या असत्या? १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी ओघ उलटला नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली; तिने पाहुणे आणले हे खरे, पण मजसारख्या मास्तराच्या वर्गातली मुलेही तिनेच नेली. म्हाताऱ्यांनी राखलेली घरे पाहून "किती शांत!" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती शांतता कोणाच्या जाण्याने आली? गेलेले तरुण भेटतील डोंबिवली-विरारच्या खोल्यांत, आपण सोडू म्हणता त्याच गर्दीत.