पागोळीचे पाणी

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्हा शिक्षकांना काम तरी काय असते, असे लोक विचारतात. यंदा माझे उत्तर तयार आहे. यंदा आम्ही परसातली खोपी हलवली.

कोकणातल्या वाचकांना खोपी म्हणजे काय ते सांगायला नको. जळण, नारळाची सोडणे, कुदळ-फावडी, लग्नकार्याची भांडी आणि घरात जागा नसलेले सगळे काही तिच्या पोटात जाते. आमची खोपी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, १९८९ साली स्वतःच्या हातांनी उभी केली होती. ऐनाच्या चार मेढी आणि वर सिमेंटचे पत्रे. जागा निवडली ती उत्तरेच्या गडग्याला अगदी लागून. गडग्यापलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या काकींच्या घराची भिंत.

गेल्या श्रावणात काकी आजारी पडल्या, म्हणून मी त्यांना बघायला गेले. त्यांची खाट नेहमीच्या जागी नव्हती. खिडकीजवळची हवेशीर जागा सोडून ती दाराच्या वाटेवर आली होती. मी कारण विचारले, तर त्या म्हणाल्या, "अगो, ती भिंत पावसात ओली होते. पाठ धरते माझी." मी भिंतीला हात लावला. गिलावा भिजून फुगला होता. बाहेर पाहिले, तर आमच्या खोपीची पागोळी त्याच भिंतीवर पडत होती. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे आमच्या छपराचे सगळे पाणी वारा उचलून काकींच्या घरात नेऊन टाकत होता.

इतक्या वर्षांत काकींनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. त्यांनी आपली खाट हलवली. आम्ही आमची खोपी हलवली नाही.

वीस वर्षे मी मुलांना शेजाऱ्याचे हक्क शिकवते. शेजाऱ्याबद्दल हजरत जिब्रील (अ.) इतकी ताकीद करत राहिले की, तो वारसदारच ठरतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटले, ही हदीस माझ्या वर्गातल्या पोरांना पाठ आहे. त्या रात्री मला स्वतःचीच लाज वाटली.

घरात विषय काढला, तेव्हा अम्मी गप्प झाल्या. अब्बांच्या हातची एवढी एकच वस्तू उरली आहे, ती मोडायची नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. आमच्यातले एक कायदा जाणणारे नातेवाईक म्हणाले, "कशाला हलवता? १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या विनातक्रार वहिवाटीला हक्क मानले आहे. पाणी तिकडे पडते, ते पडू द्या. तुम्ही दावा सांगू शकता." मी अम्मींशी वाद घातला नाही. फक्त एक दिवस त्यांना काकींकडे घेऊन गेले. दोघी म्हाताऱ्या तासभर बोलत बसल्या. निघताना अम्मींनी त्या भिंतीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. घरी आल्यावर म्हणाल्या, "तिने तक्रार केली नाही, म्हणून आपला हक्क झाला? सुट्टी लागली की माणसे बोलव."

आता थोडे कामाचे सांगते, कारण अनेकांच्या परसात अशी खोपी असेल.

आधी नवी जागा ठरवली. नारळाखाली नको, कारण नारळ पडून पत्रा फुटतो. शौचालयाच्या टाकीवर नको. विहिरीजवळ नको, कारण खोपीत फवारणीची औषधे असतात. घराच्या पूर्वेला जागा मिळाली. तिथे सकाळचे ऊन येते आणि पावसाळी वारा घरच अडवते. हद्दीपासून किती अंतर सोडायचे, ते ग्रामपंचायतीत विचारून घेतले. जांभ्या चिऱ्याचे दोन थर रचून जोते उंच केले आणि छपराचा उतार आमच्याच अंगणाकडे ठेवला.

खोपी रिकामी केली ती भर उजेडात, पायात बूट घालून. आमच्याकडे फुरसे फार. जळणाच्या ढिगात थेट हात घालू नका, आधी लांब काठीने लाकूड उलटा. विंचू, फुरसे काहीही चावले तर झाडपाल्यात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचे प्रतिविष तिथेच मिळते.

पत्र्यांबाबत विशेष सांगते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. पत्रा फुटला किंवा कापला की त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग वर्षानुवर्षांनी उमटतो. म्हणून पत्रे पाण्याने भिजवले, तोंडाला चांगला मास्क बांधला, आकडे सोडवून पत्रे अख्खेच खाली घेतले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळले. खालची जागा कोरडी झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसली. हे पत्रे कोंबड्यांच्या खुराड्याला वापरू नका, फोडून भरावात घालू नका आणि मुलांना तर त्यांच्या आसपासही येऊ देऊ नका. नव्या छपराला आम्ही लोखंडी पत्रे घातले.

मेढींची बुडे वाळवीने खाल्ली होती. सुताराने प्रत्येकीचा हातभर भाग कापला आणि उरलेली मेढ दगडी पायावर उभी केली. लाकूड मातीला टेकले नाही, तर वाळवी सहज चढत नाही.

आणि खोपीच्या पोटातून काय निघाले! दिराच्या कुवेतहून आलेल्या दोन पेट्या, मोडका पाळणा आणि तळाशी एक मोठी देगची. तिच्यावर जमाअतचे नाव कोरलेले. नणंदेच्या लग्नात आणलेली, परत द्यायची राहून गेलेली. ती घासून, कल्हई करून मी स्वतः नेऊन दिली आणि माफी मागितली. अमानत अशीच विसरली जाते. कुणी हडप करत नाही, पण सोडणांखाली दबून राहते.

शेवटी तुळई उतरवली. तिच्या आतल्या बाजूला खडूने उर्दूत लिहिलेले काहीतरी दिसले. धूर आणि धुळीखाली अक्षरे टिकून होती. अब्बांचा हिशेब होता. चिरे इतके, खिळे इतके, मजुरी इतकी. अम्मींनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. तिथे दोनच शब्द होते, "परनाला बाकी."

म्हणजे पन्हळ लावायची राहिली होती. अब्बांना ते पाणी दिसले होते. त्याच वर्षी मोठ्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च आला, मग आजारपण आले आणि दोन शब्द तुळईवरच राहिले. अम्मींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माणूस जातो, पण बाकी राहते. ती आपण फेडायची."

नव्या खोपीला पन्हळ लावली आहे. तिचे पाणी आमच्या केळींना जाते. ती तुळई दारावरच बसवली, अक्षरे आतल्या बाजूला, पुसू न देता. त्यांच्या खाली माझ्या मुलाने खडूने लिहिले, "परनाला अदा."

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी काकींकडे डोकावले. भिंत अजून डागाळलेलीच आहे, गिलावा दिवाळीनंतर आम्हीच करून देणार आहोत. पण खाट खिडकीजवळ आली होती. काकी तिच्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि पाऊस बघत होत्या.

पावसाळा लागला आहे. एकदा छत्री घेऊन आपल्या घराभोवती फिरून या. आपल्या छपराचे पाणी कुणाच्या भिंतीवर पडते, ते बघा.