कमी धावलेली मोटार आणि एकदाच आलेला पैसा

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पुरा झाला. हा टप्पा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून जातो. ज्यांच्या भातखाचरांवरून आणि वरकस जमिनींवरून तो गेला, त्यांना थेट खरेदीच्या योजनेखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत मोबदला देण्याचे सरकारचे धोरण होते. शेजारच्या मुरबाड तालुक्यात हा महामार्ग नाही. पण कल्याण-माळशेज मार्गालगतच्या जमिनींना शहरातील लोकांच्या बंगल्यांमुळे आणि शेतघरांमुळे गिऱ्हाईक आले. दोन्ही तालुक्यांतील अनेक घरांत पूर्वी कधी न पाहिलेली रक्कम एकदम हाती आली. ही रक्कम जमिनीची आहे, आणि जमीन एकदाच विकता येते, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे.

पैशामागोमाग त्याचे वाटेकरीही येतात. त्यांपैकी एकाचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे. ‘एकाच मालकाची, आठ-दहा वर्षांची, जेमतेम तीस हजार किलोमीटर धावलेली, नव्यासारखी’ अशा वर्णनाची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू अथवा ऑडी साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळते, हे आता कोणास नवीन राहिलेले नाही. अशी गाडी घ्यावी की न घ्यावी? प्रश्न खासगी दिसतो. तथापि विकणारा बहुधा आमचा शहरातील वाचक असतो, आणि घेणारा त्याचाच गावाकडील नातलग, किंवा मुरबाडजवळ लहानसे घर बांधलेला निवृत्त मध्यमवर्गीय असतो. व्यवहार फसला तर तो कोणाच्या तरी आयुष्याच्या पुंजीवर फसतो. म्हणून त्याची जाहीर चर्चा अस्थानी ठरू नये.

अशा खरेदीची चेष्टा करण्याची एक रीत शहरात पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येतो आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या भागाने शहराला इतके दिले, तेथील माणसाने चांगल्या मोटारीत बसण्याची इच्छा धरली तर त्यात हसण्याजोगे काही नाही. उत्तम मोटारीची बैठक, तिचे ब्रेक, अपघातात माणसास वाचविणारी तिची बांधणी हे खरे गुण आहेत. प्रश्न इच्छेचा नाही, हिशेबाचा आहे. आणि तो हिशेब दोन आकड्यांनी चुकतो. एक किमतीचा, दुसरा किलोमीटरांचा.

प्रथम किमतीचा आकडा घेऊ. साठ लाखांची वस्तू पंधरा लाखांत मिळते म्हणजे पंचेचाळीस लाख वाचले, असे मन सांगते. या समजुतीचे मूळ जुन्या काळात आहे. परवाना पद्धतीच्या दिवसांत कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे वापरलेल्या गाडीलाही चांगली किंमत येई. मोटार म्हणजे मालमत्ता, ही भावना त्या टंचाईने निर्माण केली. ती टंचाई संपली, भावना मात्र उरली. आज उंची मोटारीची किंमत वेगाने उतरते, याचे कारण पहिला श्रीमंत मालक नव्या नमुन्याकडे वळतो आणि दुसऱ्या मालकाला तिचा खर्च परवडेल अशी माणसे थोडी असतात, हे आहे. उतरलेली किंमत ही बाजाराने पुढील खर्चाची दिलेली सूचना असते. गाडीची किंमत पंधरा लाखांवर आली, म्हणून तिचा दिवा, तिचा गिअरबॉक्स किंवा तिचे हवेवर चालणारे सस्पेन्शन पंधरा लाखांच्या गाडीच्या दराने मिळू लागत नाही. सुटे भाग आणि मजुरी साठ लाखांच्याच तोलाची राहतात.

शिवाय ‘नवी केवढ्याला होती’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद आता अधिकच पोकळ झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील कर उपकर धरून ४८ ते ५० टक्के होता, तो सरसकट ४० टक्क्यांवर आला. तेव्हा तुलना करावयाची ती दहा वर्षांपूर्वीच्या पावतीशी नव्हे, आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी केली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो; छोट्या गाड्यांवरील त्याचा दर २०२५ च्या जानेवारीत वाढून मोठ्या गाड्यांच्या बरोबरीला आला. हा कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच किमतीत मिसळतो.

आता दुसरा आकडा. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते आणि तेथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारात बैल घेणारा शेतकरी, ‘याने किती नांगरले?’ असे प्रथम विचारीत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे, हे ठरवितो. मग त्याला चालवून पाहतो. काम न करता दावणीला उभा राहिलेला बैल वयाने तरुण राहत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हाच शेतकरी मोटारीसमोर उभा राहिला की मीटरवरच्या आकड्याने का भुलावा, हे आम्हांस कळत नाही.

मोटारीचे काही भाग धावण्याने झिजतात, काही काळाने. रबराचे नळ, बुश आणि सील कडक होऊन तडकतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. बॅटरी उभ्या उभ्या मरते. सस्पेन्शनच्या हवेच्या पिशव्या गळू लागतात. गाडी उभी असली म्हणजे उंदरांना वायरी कुरतडण्यास सवड मिळते. इमारतीच्या तळघरात दहा वर्षे उभी असलेली आणि महिन्यातून दोनदा कोपऱ्यावरच्या बाजारात जाऊन आलेली गाडी कमी धावलेली असते, पण सुखात राहिलेली असतेच असे नाही. डिझेल गाडीच्या धुराड्यातील काजळी अडविणारी गाळणी अशा आखूड फेऱ्यांनी तुंबते, कारण ती जाळून साफ होण्यास लांबची सलग दौड लागते.

टायरचा प्रश्न तर जिवाशी निगडित आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. ‘२३१६’ याचा अर्थ तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. त्याची नक्षी नव्यासारखी दिसेल, रबर मात्र जुने झालेले असते. मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा असलेला रस्ता आता शहापूरच्या दाराशी आला आहे. त्यावर असल्या टायरांनी कुटुंबासह निघणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. मीटरवर तीस हजार किलोमीटर दिसत असले आणि चारही टायर अलीकडेच बदललेले असले, तर तेही का, हे विचारावे. इंधनाचाही विचार हवा. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नाहीत. त्या गाडीचे रबरी व प्लॅस्टिकचे भाग याबाबत काय सोसू शकतात, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे.

आणि मीटरवरचा आकडा खरा कशावरून? इलेक्ट्रॉनिक मीटर मागे फिरविणे हे आज यंत्र हाती असलेल्या माणसास अवघड नाही. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून असा फेरफार बेकायदा ठरविला. बेल्जममध्ये २००६ पासून प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी किलोमीटरांची नोंद एका मध्यवर्ती दप्तरात होते आणि विक्रीच्या वेळी तिचा दाखला देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ च्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेणे सक्तीचे केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते अमलात आले. हे योग्यच झाले. पण गाडीच्या जन्मापासूनच्या किलोमीटरांची सरकारी नोंद गिऱ्हाइकास मिळत नाही. तोपर्यंत सर्व्हिसच्या तारीखवार पावत्या हाच पुरावा. त्या नसतील, तर आकडा नाही असेच समजावे. ब्रेकचे पॅडल, चालकाची बैठक आणि स्टिअरिंगची झीज पाहावी. गालिच्याखाली गाळ आणि बैठकीच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, हेही पाहावे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी परिसर कसा बुडाला होता, हे या भागात कोणास सांगावयास नको. पुरातील गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतातच.

कागदपत्रांचीही अशीच गोष्ट आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयाने तीत सवलती दिल्या. तरी त्या धास्तीने स्वस्त झालेल्या गाड्या इतर राज्यांत पाठविण्याची वाट पडून गेली आहे. अशी गाडी घेतली तर ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हा भार किमतीत धरला पाहिजे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. विम्याच्या दाव्यात पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो; घसारा न कापणारे जादा संरक्षण इतक्या जुन्या गाडीस सहसा मिळत नाही. विकणाऱ्यासही एक इशारा आहे. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो. पैसे घेऊन, किल्ली देऊन मोकळे झालो, असे शहरातील विक्रेत्याने समजू नये.

मग निर्णय कसा करावा? पंधरा लाख रुपये समजा सात टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला १,०५,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८,७५० रुपये येतात आणि मुद्दल शाबूत राहते. गाडी घेतली तर हे उत्पन्न जाते, मुद्दल झिजते आणि विमा, टायर, दुरुस्ती यांचा खर्च वर येतो. म्हणून आमची कसोटी साधी आहे. गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम केवळ दुरुस्तीसाठी वेगळी ठेवून, ती बुडाली तरी मुलांचे शिक्षण, घर आणि आजारपण यांस धक्का लागणार नसेल, तरच पुढे जावे. ही रक्कम ठेवणे शक्य नसेल, तर ती गाडी स्वस्त नसून आवाक्याबाहेरची आहे.

ज्याला हे शक्य आहे, ज्याच्या घरी रोजच्या कामाला दुसरे वाहन आहे, ज्याने पहिला मालक आणि सर्व पावत्या पाहिल्या आहेत, आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणत्या कारागिराकडून गाडी उचलून, संगणक लावून तपासून घेतली आहे, त्याने ती जरूर घ्यावी. नियमित धावलेली, वेळच्या वेळी तेलपाणी झालेली ऐंशी हजार किलोमीटरांची गाडी, उभी राहिलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा आम्ही पसंत करू. शहापूर-मुरबाडच्या गिऱ्हाइकाने आणखी एक गोष्ट पाहावी. असल्या गाड्यांच्या अधिकृत कार्यशाळा ठाणे-मुंबईकडे आहेत. पावसाळ्यात आडगावी गाडी बंद पडली, तर तिला ट्रकवर घालून नेण्याचा खर्चही मालकाचाच.

सरकारचे कर्तव्य यातून सुटत नाही. विमा, प्रदूषण तपासणी आणि मालकी हस्तांतर या तिन्ही वेळी गाडी वा तिचे कागद सरकारमान्य हातांतून जातात. त्या प्रत्येक वेळी किलोमीटरांचा आकडा नोंदवून तो गिऱ्हाइकास पाहू देणे, यास फार मोठा खर्च नाही. मोबदल्याचे धनादेश वाटताना गावोगाव शिबिरे भरविता येतात, तर तो पैसा कसा जपावा हे सांगणारी शिबिरेही भरविता आली पाहिजेत. जमीन देणाऱ्या माणसाशी सरकारचा संबंध धनादेशाच्या दिवशी संपावा, हे उचित नाही.

कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच की, ही खरेदी एका बैठकीत करू नका. विक्रेता ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ म्हणेल, येऊ द्या. अशा गाड्या बाजारात पुन्हा पुन्हा येतील. महामार्गाखाली गेलेले खाचर मात्र परत येणार नाही, आणि त्याच्या पैशावर घरातील पुढच्या पिढीचाही हक्क आहे.